दोघांचं घर डॉट कॉम

— नाही मॅडम, ब्राउझरमध्ये नाव टाकून काही उघडलं नाही म्हणजे ते नाव रिकामं आहे, असं नसतं. कुलूप लावलेल्या फ्लॅटला पण मालक असतोच ना? बसा, ती खुर्ची घ्या, त्याच्यावरचा प्रिंटर खाली ठेवा — ठेवा बिनधास्त, बंदच आहे तो. आणि दार जरा लोटून घ्या, दुपारी वारा कचऱ्याच्या डम्पिंगकडून येतो. हां. आता बघा, ही काळी खिडकी उघडली. घाबरू नका, हॅकिंग नाही हे. लोकांना काळ्यावर पांढरी अक्षरं दिसली की वाटतं हा बँक लुटतोय. ह्याला टर्मिनल म्हणतात. इथे लिहायचं हूइज — म्हणजे 'कोण आहे' — मग एक स्पेस, मग तुमचं नाव, म्हणजे तुमचं नव्हे, तुम्हाला साईटसाठी पाहिजे ते नाव, आणि एंटर. झालं. जगातलं कुठलंही डॉट कॉम घ्या, कधी घेतलं, कधी संपतं, कुठल्या कंपनीकडून घेतलं, सगळं येतं. द्या तुमचा कागद. तीन नावं आहेत. पहिलं, छोटं घर. एंटर. हे बघा — गेलेलं आहे. दोन हजार अकरापासून कोणीतरी धरून बसलाय, तो सोडणार नाही. दुसरं, आपलं वन बीएचके. एंटर. नो मॅच. नो मॅच म्हणजे मोकळं! हे घ्या, झकास आहे. तुम्ही एक बेडरूमच्या फ्लॅटचं फर्निचर करणार, नावातच सगळं आलं, गिऱ्हाइकाला वेगळं समजवायला नको. घेऊन टाकू? — तिसरं कशाला बघायचंय, दुसरं मोकळं आहे की. — हो, वाचलं मी. दोघांचं घर. चांगलं आहे. पण ते गेलेलं आहे. — न बघताच सांगतो, बावीस वर्षं हेच करतोय, अंदाज येतो माणसाला.

बरं, टाकतो, तुमच्या समाधानासाठी टाकतो. हे बघा. गेलेलं. — मालक? मालकाच्या जागी हे असं येतं, रिडॅक्टेड फॉर प्रायव्हसी. दोन हजार अठरापर्यंत नाव, पत्ता, फोन नंबर, सगळं उघडं असायचं, मग तिकडे युरोपात कायदा आला आणि सगळ्यांनी पडदे लावले. — हो, क्रिएशन डेट ह्या जूनमधली आहे. नजर चांगली आहे तुमची. — दोन महिन्यांपूर्वीच घेतलं असेल तर काय झालं? — नाही, ईमेल टाकून उपयोग नाही, तो उत्तर देणार नाही. — कारण तो विकणार नाही. — अहो, मला कसं माहीत म्हणजे काय, माहीत आहे. — बरं. मीच आहे तो. बाहेर बोर्डावर धम्मपाल कॉम्प्युटर्स लिहिलंय ना, तो धम्मपाल मी, आणि हे नाव पण माझंच. आता तुम्ही अशा बघताय जसं काही मी तुमचं नाव मुद्दाम दाबून ठेवलंय. तुम्ही आज आलात, मी ते जूनमध्ये घेतलंय. आणि जूनमध्ये पण मी ते पहिल्यांदा नाही घेतलं, हाच तर घोळ आहे. — नाही, धंद्यासाठी नाही घेतलं. त्याच्यावर काही नाहीये. काही टाकणार पण नाही. — कशाला म्हणजे? — तुम्हाला घाई नाहीये का? पार्किंग कुठे केलंय?

रिक्षाने आलात. बरं. मग ऐका, नाहीतर बाहेर जाऊन म्हणाल कांजूरचा माणूस डोमेन अडवून बसलाय. दोन हजार तीनची गोष्ट. अंधेरीला एका इंटरनेट कंपनीत मी फोनवर होतो, टेक सपोर्टला. लोक म्हणायचे नेट चालत नाही, आम्ही म्हणायचो मोडेम बंद करून चालू करा. दिवसातून ऐंशी वेळा. माझ्या बाजूच्या खुर्चीवर देवदत्त. पार्ल्याचा. काय गोड बोलायचा — आईबहिणीवरून सुरू झालेला कस्टमर थँक्यू म्हणून फोन ठेवायचा. आम्ही बाकीचे हेडफोन काढला की त्या कस्टमरच्या सात पिढ्या काढायचो, आणि हा शांतपणे पाणी प्यायचा. तोंडात शिवी नाही. एकदा पण नाही. आम्ही त्याला चिडवायचो, देव्या, निदान च्यायला तरी म्हण. तो म्हणायचा, येत नाही रे, जीभ वळत नाही. तर त्याची-माझी जमली. का जमली ते नाही सांगता येणार — म्हणजे तो तसा, मी असा. माझे वडील धोंडिराम, जालन्याकडून आले, इथे कारखान्यात लागले, आम्ही ह्याच मागच्या चाळीत वाढलो, बौद्ध आम्ही. तो पार्ल्याच्या सोसायटीतला, घरात वडील वकील, आजोबा वकील. त्याच्या घरी जेवलोय मी, त्याच्या आईने आग्रह करकरून वाढलेलं आहे. माझ्या घरी तो सुकट खायला शिकला. तर दोन हजार सहामध्ये हाच एकदा म्हणाला — कल्पना त्याची होती हां, माझी नाही, ते मी कधी नाकारलं नाही — म्हणाला, धम्मा, आपण लग्न जमवायची साईट काढू. मी म्हटलं, पंधरा आहेत. म्हणाला, आपल्यात जातीचा रकानाच नसेल. विचारायचंच नाही. नाव, शिक्षण, काम, आवडनिवड, बस्स. मी म्हटलं, चालेल? म्हणाला, न चालायला काय झालं? आता हेच मी म्हटलं असतं तर माझं मलाच खरं वाटलं नसतं. तो म्हणाला, पार्ल्याचा, म्हणून मला वाटलं, चालेल.

नाव ठरवायला महिना गेला. त्याला सप्तपदी पाहिजे होतं. मी म्हटलं, आमच्यात सप्तपदी नसते, रे. तो म्हणाला, अरे हो. खरंच म्हणाला — अरे हो — असं कपाळाला हात लावून. मग दोघांचं घर. इंग्लिशमध्ये लिहा बरं तुम्ही — डी, ओ, जी, एच. पहिली तीन अक्षरं डॉग. आम्हाला कळलंच नाही हो, साईट चालू होऊन महिना झाला तेव्हा कळलं. ठाण्याहून एका बाईंचा मेल आला, त्यांच्या लॅब्रेडॉरसाठी मादी पाहिजे होती. वंशावळ जोडली होती. असे तीन आले. देव्याने तिघांना नीट उत्तरं लिहिली. — हसा, हसा, आम्ही पण हसलो. नाव त्याने घेतलं, त्याच्या नावावर, कारण क्रेडिट कार्ड त्याच्याकडे होतं, माझ्याकडे कुठलं कार्ड. कोडिंग सगळं माझं. फोन त्याच्याकडे. पहिलं प्रोफाइल कोणाचं टाकलं? माझ्या बहिणीचं. दर्शनाचं. प्रोफाइल क्रमांक एक. आईला सांगितलंच नव्हतं, दर्शना म्हणाली टाक, बघू तर तुझ्या साईटमध्ये काय दम आहे. बी.एस्सी. झालेली, शाळेत शिकवायची, फोटोत उगाच गंभीर. आणि यायला लागली की पत्रं! डोंबिवलीचा एक मुलगा होता, इंजिनिअर, दोन महिने चांगलं चाललं होतं त्यांचं, मेलवर मेल, मग फोन. आई इकडे स्वयंपाक करता करता कान टवकारून बसायची.

दीड वर्ष चाललं तसं. तीनशेच्या वर लोक झाले. मी तेव्हा बऱ्यापैकी उडत होतो, खोटं कशाला बोलू. तर एका सोमवारी मी कामावर निघालो होतो आणि दर्शना दारात उभी. म्हणाली, दादा, त्या मुलाचा फोन आला होता, विचारत होता तुमच्या प्रोफाइलमध्ये तो रकाना रिकामा का ठेवलाय. मी म्हटलं, कुठला रकाना? म्हणाली, तेच मी तुला विचारतेय. मी तसाच परत आत गेलो, घरचा कॉम्प्युटर लावला, साईट उघडली. फॉर्ममध्ये उंचीच्या खाली आणि शिक्षणाच्या वर एक नवीन ओळ. ड्रॉपडाऊन. तुम्हाला माहीत आहे ना, बाणावर क्लिक केलं की यादी खाली पडते. मी क्लिक केलं. यादी पडली. अल्फाबेटिकल लावली होती. शनिवार-रविवारमध्ये बसून केलं होतं त्याने, कोडिंग त्याला फारसं येत नव्हतं, पण मी चुका काढायला गेलो तर एक चूक सापडली नाही. मी खाली खाली जात राहिलो, मी आहे की नाही बघायला. होतो. दोनदा होतो. बौद्ध असं वेगळं होतं, आणि जे आमच्या आजोबांनी छप्पन्न साली सोडलं ते पण खाली वेगळं होतं. कोणी राहून जायला नको म्हणून दोन्ही ठेवली होती त्याने. सगळ्यात खाली अदर पण होतं. नीट काम होतं, खरंच.

अंधेरीला गेलो. तो आधीच आलेला, हेडफोन गळ्यात. मी म्हटलं, देव्या, ते काय आहे? त्याला लगेच कळलं. म्हणाला, अरे, रोज पंधरा आयांचे फोन येतात, तुला माहीत नाही, फोन मी घेतो. सगळ्या तेच विचारतात. मी किती दिवस टाळू? मी म्हटलं, आपण साईट त्याच्यासाठीच काढली ना, टाळायला? म्हणाला, धम्मा, ऐक तर, ते ऑप्शनल आहे. बघ तू नीट, लाल स्टार नाही लावलाय मी. — लाल स्टार नाही लावलाय. हे वाक्य माझ्या डोक्यात सतरा वर्षं आहे, मॅडम, आणि अजून मला त्याला काय उत्तर द्यायचं ते सुचलेलं नाही. तेव्हा मी बॅग उचलली, डब्बा राहिला तिथेच टेबलावर, आणि खाली उतरलो. नोकरी पण सोडली, साईट पण. त्याचा फोन आला, मी घेतला नाही. चार दिवस आला, मग बंद झाला. डोंबिवलीच्या मुलाचा पण बंद झाला. — दर्शनाचं झालं पुढे, नाशिकला असते, दोन मुलं आहेत, साईटवरून नाही झालं. तिने त्या मुलाचं नाव परत काढलं नाही, देव्याचं पण काढलं नाही. राखी बांधताना एकदा म्हणाली, तुझ्या मित्राला तेव्हा विचारायचं होतं मला, की मी कुठलं निवडायचं होतं दोन्हीतलं. बस्स, तेवढंच.

मग मी हे दुकान काढलं. साईट दोन वर्षांत बंद पडली, दोन हजार दहाला. पण नाव तसंच होतं त्याच्याकडे, वर पांढरं पान, काही नाही. आणि आता तुम्ही म्हणाल हा माणूस रिकामटेकडा आहे — मी रोज सकाळी दुकान उघडलं, देवाच्या जागी बाबासाहेबांचा फोटो आहे तिथे हात जोडले, की पहिली कमांड हीच. हूइज, स्पेस, दोघांचं घर डॉट कॉम. कशाला? त्याची मुदत अकरा मार्चला संपायची. मला वाटायचं कधीतरी विसरेल, कधीतरी सोडेल, आणि सोडलं की मी घेणार. घेऊन काय करणार? काही नाही. त्याच्याकडे नको, एवढंच. पण तो सोडायचाच नाही. दर फेब्रुवारीत, मुदतीच्या महिनाभर आधी, तारीख एक वर्ष पुढे. बारा, तेरा, चौदा... मी इकडे वाट बघतोय, आणि तिकडे एका पांढऱ्या पानासाठी हा माणूस दरवर्षी — तुमच्यासारखंच मला वाटलं, ऑटो-रिन्यू असेल. कार्डातून आपोआप कापत असतील, त्याला पत्ता पण नसेल. तसंच वाटून घेतलं मी. सोपं जातं. आणि एक सांगू? त्या रेकॉर्डमध्ये त्याचा फोन नंबर असायचा. पार्ल्याचा पत्ता आणि नंबर, रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर. एकदा पण नाही लावला. मग अठरा साली तो कायदा आला आणि एका सकाळी नंबरच्या जागी रिडॅक्टेड. त्या दिवशी मला — काय म्हणू — गिऱ्हाईक आलं होतं, पेनड्राइव्ह घेऊन, त्याच्यावर उगाच ओरडलो.

ह्या वर्षी फेब्रुवारी गेला, तारीख हलली नाही. मार्च उजाडला. अकरा मार्च गेला. आता, नवख्या माणसाला इथे फसायला होतं, रेकॉर्डमधली तारीख आपोआप पुढे गेलेली दिसते, त्याला भुलायचं नाही, खाली स्टेटसची ओळ वाचायची. मी वाचली. पैसे भरलेच नव्हते, कंपनी वाट बघत होती. पंचेचाळीसेक दिवस बघते ती वाट. पहिल्या दिवशी मी काय केलं सांगू? समोरून दोन मसाला डोसे मागवले आणि दोन्ही मीच खाल्ले. अठ्ठावीस मार्चपर्यंत मी खूश होतो, तारीख लक्षात आहे. एकोणतीसला सकाळी तीच कमांड मारली, तीच ओळ आली, आणि मला पहिल्यांदा वाटलं — अरे, हा विसरणारा माणूस नाही. हा कुत्र्यांच्या पत्रांना उत्तरं देणारा माणूस आहे. काय झालं ह्याला? जुन्या रेकॉर्डची एक प्रिंट होती माझ्याकडे, दोन हजार अकराची — का काढून ठेवली होती ते विचारू नका. नंबर लावला. लँडलाइन, अस्तित्वात नाही म्हणाली बाई. तरी पण लगेच नाही गेलो हां मी. एप्रिल घालवला. कधी म्हणायचो काम आहे, कधी ऊन आहे. स्टेटसमध्ये रिडेम्प्शन आलं — म्हणजे आता नाव विकत नाही, फक्त जुन्या मालकाला परत मिळू शकतं, तीस दिवस — तेव्हा निघालो. पार्ल्याला पत्त्यावर गेलो तर बिल्डिंगच नाही. पत्रे लावलेत आणि टॉवरचं चित्र. वॉचमन चांगला होता, त्याच्याकडे सोसायटीवाल्यांचे भाड्याचे पत्ते होते. मालाड. बेल वाजवली, बायको आली दारात, शर्मिष्ठा. मी तिला कधी बघितलं नव्हतं, आमचं मोडल्यावर लग्न झालं त्यांचं. मी म्हटलं, मी धम्मपाल. ती म्हणाली, माहीत आहे. आणि दारातून बाजूला झाली, जसं काही मला उशीर झालाय.

जानेवारीत झटका आला होता त्याला. मेंदूचा. उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं. खुर्चीत बसला होता खिडकीपाशी, दाढी केलेली, केस पांढरे. सगळं समजतं त्याला, ओळखतो, पेपर वाचतो म्हणे, पण शब्द निघत नाही. लिहिता पण येत नाही. शर्मिष्ठा म्हणाली, डॉक्टर म्हणतात शब्दांचं कपाट बंद झालंय, पण शिव्या वगैरे वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या असतात, त्या राहतात कधीकधी. एक राहिलीय. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. त्याने बघितलं माझ्याकडे आणि म्हणाला — च्यायला.

मला हसू आलं, मॅडम. खरंच आलं. सतरा वर्षांनी भेटतोय आणि मी हसतोय. बायको पण हसली. तो नाही हसला. मग चहा झाला, आणि मी म्हटलं, ते नावाचं... त्याची मुदत गेलीय. शर्मिष्ठा म्हणाली, अगं बाई, ते तुमचं होय? दर फेब्रुवारीत ओटीपी माझ्या फोनवर यायचा, ह्याचं कार्ड माझ्या नंबरला जोडलेलं. मी दरवर्षी विचारायचे, हे कशाचं भरतोस? म्हणायचा, एकाची वस्तू आहे माझ्याकडे. मी म्हणायचे, देऊन टाक ना मग. तर म्हणायचा, तो येऊ दे. — म्हणजे ऑटो-रिन्यू नव्हतं. दरवर्षी बसून भरत होता. मी तिच्याकडे बघत होतो, त्याच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. तो येऊ दे म्हणे. अरे, तू यायचं ना? पाय तुझे चालत होते तेव्हा. कांजूर काय लांब आहे पार्ल्याहून? — माझे पण चालत होते, बरोबर आहे तुमचं. मी म्हटलं नाही का, एप्रिल घालवला.

तर ठरवलं, सोडवून घेऊ, तीस दिवस आहेत. त्याच्या खात्याचा पासवर्ड कोणाला माहीत नाही, मेल आयडी जुन्या कंपनीचा, ती कंपनी बंद. मग ज्यांच्याकडून नाव घेतलं होतं त्यांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. मुलगी होती तिकडे, फार शिकवलेलं बोलत होती. सगळं सांगितलं तिला, आजारपणाचं सांगितलं, आधार कार्ड पाठवलं. म्हणाली, ओके सर, फक्त व्हेरिफिकेशनसाठी होल्डरना फोन द्या, मी नाव विचारेन, त्यांनी येस म्हणायचं. मी म्हटलं, त्यांना बोलता येत नाही. म्हणाली, फक्त येस, सर. मी फोन त्याच्या तोंडापाशी धरला. ती म्हणाली, अॅम आय स्पीकिंग टू मिस्टर देवदत्त? त्याने डोळे मिटले. त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या, एवढा जोर लावला त्याने, त्या एका येससाठी. आणि म्हणाला, च्यायला. ती म्हणाली, सॉरी? तो परत म्हणाला. ती म्हणाली, सर, प्लीज माइंड युवर लँग्वेज. आणि तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा तिने फोन ठेवला. अख्ख्या टेक सपोर्टमध्ये ज्याने कधी शिवी दिली नाही त्याचा फोन टेक सपोर्टने शिवी दिली म्हणून कापला. मी परत लावला, दुसरा कोणीतरी आला, तोपर्यंत तिने नोट टाकली होती, कॉलर अब्यूझिव्ह. अर्ज दिला, उत्तर आलं नाही. तीस दिवस संपले. मग पाच दिवस पेंडिंग डिलीट — म्हणजे आता कोणीच काही करू शकत नाही, ते आपोआप पडणार, आणि पडलं की ज्याच्या हाताला लागेल त्याचं. जगभर लोक जाळी लावून बसलेले असतात पडणाऱ्या नावांना. सहाव्या दिवशी सकाळी दुकानात आलो, हात जोडले, कमांड मारली. वाटलं होतं कुठल्यातरी परदेशी कंपनीचं नाव येईल. नो मॅच आलं. कोणीच घेतलं नव्हतं. अख्ख्या जगात एकालाही नको होतं ते नाव. एवढी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते असं रस्त्यात पडल्यासारखं. मी घेतलं. माझ्या नावावर. त्याच्या नावावर कसं घेणार, त्याला येस म्हणता येत नाही. दोन मिनिटं लागली. काही वाटलं नाही.

पुढच्या वेळेला रेकॉर्डची प्रिंट घेऊन गेलो मालाडला, त्याला दाखवायला. हीच, आता तुम्ही बघितलीत तीच. त्याने डाव्या हातात धरली, वाचली, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. क्रिएशन डेट. ह्या जूनची. दोन हजार सहा गेलं ना मॅडम. नाव पडलं की मागचं सगळं पुसतं, नवीन रेकॉर्ड सुरू होतं. हे बघितलं तर कोणाला वाटेल सहा साली काही झालंच नव्हतं, आठ साली पण नाही. मी म्हटलं, हो, देव्या, पुसलं. मग मी म्हटलं — घरून ठरवून नव्हतं गेलो, निघालं तोंडातून — म्हटलं, रेकॉर्डमधून पुसलं. माझ्याकडून नाही. तू दोन्ही नावं टाकली होतीस यादीत. दर्शनाने ते बघितलं. लाल स्टार नसला म्हणून काय झालं? आणि तो बोलायला लागला. च्यायला. च्यायला, च्यायला — हळू, मग मोठ्याने, मग वाक्यासारखं, चढउतार करून, मध्ये श्वास घेऊन, स्वल्पविराम असल्यासारखा थांबून. हात हलवत होता. वीस मिनिटं, मॅडम. शर्मिष्ठा स्वयंपाकघरातून आली आणि दारातच उभी राहिली. तो सांगत होता काहीतरी, सगळं सांगत होता, पहिल्यापासून, ते मला कळत होतं, पण काय, ते नाही. माफी मागत होता का? की मलाच शिव्या घालत होता, की चार दिवस फोन केला होता, तू उचलला नाहीस? दोन्ही असेल. मी नाही थांबवलं त्याला. संपेपर्यंत बसलो. संपल्यावर त्याचा सदरा घामाने भिजला होता. अर्धाच चेहरा हलतो त्याचा, हसत होता की रडत होता सांगता येत नाही. मी म्हटलं, बरं.

— माफ केलं का? मी बरं म्हटलं, मॅडम. बरं म्हणजे बरं.

त्या साईटचा बॅकअप सापडला, त्याच्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये, शर्मिष्ठाने दिली. उघडून बघितला. शेवटच्या दिवसापर्यंत होता तो रकाना. काढला नव्हता. मला वाटलं होतं काढला असेल. — नाही, शर्मिष्ठाला नाही सांगितलं. तिला वाटतं त्याने काढला होता, त्याने तसं सांगितलं असेल, नाहीतर तिनेच धरून घेतलं असेल. असू दे. आता ती शाळेच्या नोकरीवर परत रुजू झालीय, मंगळवारी दुपारी घरी कोणी नसतं, तर मी जातो. त्याची ती बोलायची एक्सरसाइज असते, चित्रं दाखवायची, हे काय, कप, हे काय, चप्पल. मागच्या आठवड्यात चपलेला च म्हणाला. मी खूश झालो, मग लक्षात आलं, च तर त्याच्याकडे आधीपासूनच होता.

साडेतीन वाजले का? आज मंगळवार, लिंक रोडला आत्तापासून गाड्या तुंबतात. तर बघा, ते दुसरं मोकळं आहे, पाहिजे तर उद्या अकरानंतर या, करून देतो. — नाही, किती देता विचारलंच नाही मी. — नाही, भाड्याने पण नाही. — अहो, काय लावणार म्हणजे, पांढरं पान आहे, पांढरंच राहील. उठा आता, पिशवी घ्या तुमची, छत्री राहील. ह्या बाजूने या. जरा पुढे व्हा, पाय सांभाळा, शटर एकदम खाली येतं.